आधी रान, मग कडा: कोकणातून पायी जंगल आणि घाटमाथा एकाच सुट्टीत

ताडोब्याला गेलेल्या माणसाला जिप्सीतून खाली पाय ठेवता येत नाही. कोकणात गोष्ट वेगळी आहे. इथल्या अभयारण्यात गाडी फाटकाशी सोडायची आणि पुढचं रान आपल्या पायांनी पाहायचं. शिवाय समुद्र आणि सह्याद्री यांच्यामध्ये इथे फार अंतर नाही. सकाळी खाडी ओलांडलेला माणूस दिवे लागायच्या सुमारास घाटाच्या पायथ्याशी पोचतो. म्हणून रानात शांतपणे हिंडणं आणि थेट कोकणातळातून घाटमाथा चढणं, या दोन्ही गोष्टी चार-पाच दिवसांच्या सुट्टीत नीट बसतात.

ज्यांनी यातलं काहीच केलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणाला एकच मार्ग घेतो: रायगड जिल्ह्यातलं फणसाड अभयारण्य, तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने दोन खाड्या ओलांडून खेड, आणि खेड तालुक्यातल्या चोरवणे गावातून कड्यातल्या गुहेतलं नागेश्वर. पायांत बळ उरलं आणि वेळ हाताशी असली तर वासोटा किल्ला. हा मार्ग जमला की सिंधुदुर्गातलं आंबोली असो की संगमेश्वराकडचे गड, आखणी तुमची तुम्हाला करता येईल.

क्रम बदलू नका

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. रान आणि चढ एका दिवसात कोंबू नका, आणि रान आधी घ्या.

रानात चालणं म्हणजे मुख्यतः थांबणं. वीस पावलं टाकायची, उभं राहायचं, ऐकायचं. तासाभरात एखादा किलोमीटर झाला तरी पुष्कळ. चढाला याच्या उलट लागतं: एका लयीत, कमी थांबत, ऊन चढायच्या आत माथा गाठायचा. दोन्ही एकत्र करायला गेलं की घड्याळ रानात मन लागू देत नाही, आणि रानात घालवलेली सकाळ भर दुपारी कड्यावर अंगावर येते. नवख्या मंडळींची सहल बहुतेक वेळा इथेच फसते.

रान आधी घ्यायचं याला दुसरंही कारण आहे. चढाच्या दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, पाय वाकत नाहीत. पाणवठ्याशी निमूटपणे तासभर उकिडवं बसणं अशा पायांना जमत नाही. आणि चोरवण्याची वाटही कोयना अभयारण्यातूनच जाते. फणसाडला दोन सकाळी माग आणि आवाज ओळखायला शिकलात, तर घाटातल्या रानात तुम्ही खाली मान घालून धापा टाकत जाणार नाही. काय पाहायचं ते डोळ्यांना कळलेलं असेल.

महिना कोणता

डिसेंबर ते फेब्रुवारी. मला विचाराल तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. पानगळ सुरू झालेली असते, त्यामुळे झाडीतून आतवर नजर जाते. सावर आणि पांगारा फुलू लागतात आणि त्यांच्यावर पाखरांची गर्दी उसळते. पहाटे घाटात गारवा असतो.

एप्रिल-मेमध्ये जनावरं पाण्यावर हमखास येतात हे खरं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावरून होणारी गणना त्याच दिवसांत असते. पण त्या उकाड्यात कोकणातळातून घाट चढणं नवख्याचं काम नव्हे. घाम इतका जातो की पाणी पिऊन भरपाई होत नाही. पावसाळ्यात अभयारण्यं बहुतेक बंद असतात, वाटा निसरड्या होतात आणि ओढ्यांना अचानक लोंढे येतात. तेव्हा हा बेत नकोच.

महाशिवरात्र मात्र टाळा. त्या दिवशी नागेश्वरला कोकणातून भाविकांची रीघ लागते. यात्रा अनुभवायची असेल तर जरूर जा, तिचं म्हणून एक सुख आहे. पण जनावरं पाहायच्या बेतात ती बसत नाही.

परवानगी आणि वाटाड्या

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात विनापरवाना शिरणं हा त्यानुसार गुन्हा ठरतो. "गावातल्या मुलांबरोबर मागच्या वाटेने जाऊ" असं कोणी सुचवलं तर नको म्हणा. पकडले गेलात तर तुम्ही दंड भरून घरी जाल, त्या मुलांना मात्र त्याच गावात, त्याच वनरक्षकासमोर राहायचं असतं.

फणसाडसाठी सुपेगावच्या फाटकावर नोंद होते. राहण्याची सोय हवी असेल तर आधी विचारून ठेवायचं. चोरवण्याकडच्या बाजूचं थोडं जास्त मनावर घ्या. कोयना अभयारण्य १९८५ सालचं. ते आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ साली कास व राधानगरीबरोबर ही दोन्ही रानं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. व्याघ्र प्रकल्प म्हटल्यावर नियम कडक असतात आणि हंगामागणिक बदलतात. कोणती वाट खुली आहे, किती वाजेपर्यंत आत सोडतात, किती वाजता बाहेर यायचं, हे वनविभागाच्या वन्यजीव कार्यालयातून निदान पंधरा दिवस आधी विचारा आणि परवानगीचा कागद हातात घेऊनच निघा. आत मुक्काम करता येत नाही, हे धरूनच बेत आखा.

वाटाड्या गावातलाच घ्या. घाटाच्या पायथ्याच्या रानात ढोरवाटा, लाकूडफाट्याच्या वाटा आणि जनावरांच्या वाटा एकमेकींत मिसळलेल्या असतात. मोबाइलमधला नकाशा तिथे दिशा दाखवतो, वाट दाखवत नाही. पैसे आधी बोलून घ्या, घासाघीस करू नका, आणि त्याचं जेवण-पाणी आपल्याबरोबर न्या. वयस्क असेल तर मामा किंवा काका म्हणा, तरणा असेल तर दादा. "ए गाइड" अशी हाक मारणाऱ्याला रान फारसं दाखवलं जात नाही, आणि ते योग्यच आहे.

तालीम: पाखाडी, वाळू आणि कर्नाळा

सहा ते आठ आठवडे हाताशी ठेवा. कोकणात राहत असाल तर व्यायामशाळेची गरज नाही. गावातली जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, घ्या. खालच्या वाडीतून वरच्या वाडीत, पाठीवर चार-पाच किलोचं ओझं घेऊन, आठवड्यातून तीनदा. चढताना दम लागतो म्हणून लोक चढाची तयारी करतात, पण गुडघे जातात ते उतारावर. म्हणून पाखाडी उतरताना लक्ष द्या: पाऊल पूर्ण टेकवायचं, गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा, धाडकन आदळायचं नाही. किनाऱ्यालगत घर असेल तर ओहोटीच्या वेळी मऊ वाळूतून अर्धा तास चाला. पोटऱ्या आणि घोटे याने जितके घट्ट होतात तितके डांबरी रस्त्यावर होत नाहीत.

मुंबई-पनवेलकडच्यांनी रंगीत तालीम कर्नाळ्याला करावी. मुंबई-गोवा महामार्गालगतचं हे पक्षी अभयारण्य १९६८ सालचं. त्याच रानातून वाट अंगठ्यासारख्या सुळक्याच्या किल्ल्यावर चढते, म्हणजे रान आणि चढ यांचा नमुना अर्ध्या दिवसात मिळतो. उजाडताच आत शिरा, पहिले दोन तास फक्त पाखरं पाहा आणि मग किल्ला चढा. उतरून आल्यावर ज्या बोटाला फोड आली असेल, ज्या पट्ट्याने खांदा घासला असेल, त्याचा बंदोबस्त घरी करा.

उंचीच्या आजाराची भीती अनेकजण विचारतात. तो साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर, आणि आपला वासोटा ११७१. तेव्हा सह्याद्रीत हा प्रश्न येत नाही. इथला शत्रू ऊन आणि दमटपणा.

सामान

कपडे मातकट, हिरवट, करडे. पांढरा आणि भडक रंग नको. पूर्ण बाह्या आणि पायघोळ विजार, सुती किंवा पटकन वाळणारं. जीन्स घामाने जड होते आणि मांड्या सोलवटते. सरसर आवाज करणारं जाकीट रानात वापरू नका, त्याची खसखस दूरवर जाते.

बूट नवे कोरे नकोत. निदान महिनाभर वापरलेले, तळाला खोल खाचा असलेले हवेत. पुढे अंगठ्याभर जागा असावी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. मोजे दोन जोड जास्तीचे घ्या. टाच घासते असं वाटायला लागल्याबरोबर, फोड येण्याआधी, तिथे चिकटपट्टी लावा. "पुढच्या थांब्यावर बघू" म्हणालात की पुढच्या थांब्यावर फोड आलेली असते.

पाणी चढाच्या दिवशी माणशी साडेतीन-चार लिटर. फेब्रुवारीत वाटेतले पऱ्हे आटलेले असू शकतात, त्यामुळे वर मिळेल या भरवशावर राहू नका. त्यातल्या एका बाटलीत मीठ घातलेलं कोकम सरबत किंवा ओआरएस ठेवा. नुसतं पाणी ढोसत गेलात आणि मीठ पोटात नसेल तर पोटऱ्यांत गोळे येतात. खायला दशम्या, गूळ-शेंगदाणे, उकडलेली अंडी, केळी. चिप्सची पाकिटं नेऊ नका, आवाजही होतो आणि कचराही.

दुर्बीण असेल तर आठ बाय चाळीस किंवा बेचाळीस, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि तितक्या मिलिमीटर भिंगाची. गटात एक असली तरी चालते. शिट्टी, विजेरी, काडेपेटी, एक ओढणी किंवा पंचा, रोजची औषधं. अत्तर, सेंट, सुवासिक तेल घरी. याचं कारण पुढे येतंच.

पहिले दोन दिवस: फणसाड

मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं रान. १९८६ साली ते अभयारण्य झालं. पन्नासेक चौरस किलोमीटरचं, म्हणजे फार मोठं नाही, पण किनाऱ्याच्या इतक्या जवळ असं दाट जंगल आता क्वचितच उरलंय. मुरूडकडून आणि रेवदंड्याकडून, दोन्ही बाजूंनी सुपेगावला रस्ता येतो. रेल्वेने येणाऱ्यांना रोहा सोयीचं.

आदल्या दुपारी पोचा. संध्याकाळी गावाच्या कडेने थोडं फिरा, लवकर झोपा. पहाटे झुंजुमुंजू झालं की फाटकाशी हजर. पहिले तीन तास सोन्याचे. दहानंतर रान गप्प होतं.

एकामागे एक चालायचं, वाटाड्या पुढे. माणसं चार ते सहा, त्याहून जास्त असतील तर दोन गट करा. बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. काही दिसलं तर पुढच्याच्या खांद्याला हात लावायचा. हात वर करून बोट दाखवू नका, जनावराला ती हालचाल आधी दिसते. पाचोळ्यात टाच आपटली की आवाज होतो. पावलाची बाहेरची कड आधी टेकवून मग भार टाकला की तो निम्म्याने कमी होतो.

इथे पहिल्यांदा दिसेल ते बहुधा शेकरू. आपल्या राज्याचा हा मानाचा प्राणी. फांद्या सळसळतात, वरून सालीचे तुकडे पडतात, मग तांबूस पाठ आणि लांब झुबकेदार शेपूट. झाडांच्या शेंड्याजवळ काटक्या-पानांचे गोळे दिसतील, ती त्याची घरटी. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतं, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे ते आत आहे असं धरू नका. खाली पाहिलंत तर गारंबीचा वेल, अजगराएवढा जाड, झाडाझाडांतून गेलेला, आणि त्याच्या हातभराहून लांब शेंगा. ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी ही झाडं वाटाड्याकडून ओळखून घ्या. झाड कळलं की त्यावर कोण येणार तेही कळायला लागतं.

पाणवठ्याला इथे गाण म्हणतात. गाणीच्या काठचा चिखल हा नवख्यासाठी सगळ्यात मोठा धडा आहे, तिथे घाई करू नका. काठापासून चार हात अलीकडे उकिडवे बसा आणि उन्हाच्या तिरप्या उजेडात चिखल पाहा. दोन बोटांएवढा, पुढे टोकदार, जोडखुरांचा ठसा भेकराचा. तसाच पण बराच मोठा आणि खोल असेल तर सांबर. नाकाने नांगरल्यासारखी माती उलटलेली असेल तर रात्री रानडुकरं येऊन गेली. मग कधीतरी तो ठसा दिसतो ज्यासाठी सगळे वाकून पाहतात: गोलसर, चार बोटं, आणि बोटांपुढे नखांच्या खुणा नाहीत. मांजरकुळातली जनावरं चालताना नखं आत ओढून घेतात. नखं उमटली असतील तर कुत्रं किंवा कोल्हा. नखं नाहीत, गादीच्या मागच्या कडेला तीन उंचवटे आहेत आणि ठसा मोठा आहे, तर तो बिबट्या. आता कडा बघा. चिखल अजून ओला आणि कड धारदार असेल तर जनावर थोड्या वेळापूर्वीचं. कडेवर पाचोळा पडलाय, मुंगीने वाट काढलीय, तर कालचं किंवा त्याआधीचं. ठशावर पाय देऊ नका, मागून येणाऱ्यालाही पाहू द्या.

ठसे पाहून झाले की पाण्यापासून लांब, वारा आपल्याकडे येईल अशा बाजूला, झाडाच्या बुंध्याला टेकून बसा. तासभर. पहिली पंधरा मिनिटं काहीच घडत नाही आणि माणसं चुळबुळायला लागतात. विसाव्या मिनिटाच्या आसपास रान तुम्हाला विसरतं. एखादा स्वर्गीय नर्तक पांढरी फीत लहरवत पाण्यावर झेप घेतो, रानकोंबडा पाचोळा उकरायला बाहेर येतो. वानरांचा खाकरण्याचा आवाज आला किंवा भेकर कुत्र्यासारखं भुंकलं तर उठू नका. त्यांनी काहीतरी पाहिलंय. आवाज कोणत्या दिशेला सरकतोय ते ऐका. बिबट्या दिसेलच असं नाही, दिसला तर तुमचं भाग्य. पण तो त्या ओढ्यातून खाली चाललाय हे नुसत्या आवाजावरून कळणं, याची गोडी एकदा लागली की गाडीतून पाहिलेलं जनावर फिकं वाटतं.

अधूनमधून आभाळाकडेही पाहा. पांढऱ्या पाठीची गिधाडं या भागात अजून आहेत, आणि रायगड जिल्ह्यात ती नारळाच्या झाडांवरही घरटी करतात. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेली गुरं मेल्यावर ती खाऊन देशभर गिधाडं मेली. २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद झालं, पण गेलेली गिधाडं परत भरून यायला फार वर्षं लागतात, कारण जोडी वर्षाला एकच अंडं घालते. त्यामुळे घरट्याखाली जाऊन फोटो काढू नका. ड्रोन तर मुळीच नाही.

दुसऱ्या सकाळी वेगळी वाट घ्या आणि वाटाड्याला मागे राहायला सांगा. पुढे तुम्ही चाला. काय हुकलं ते त्याला नंतर विचारा. या एका सकाळीत माणूस जितकं शिकतो तितकं मागे मागे चालून आठवडाभरात शिकत नाही.

मधला दिवस: दोन खाड्या

हा दिवस पायांना विश्रांतीचा आहे, म्हणून तो गाळू नका. मुरूडजवळ आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट जाते, गाडीसकट. पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. तिथून बागमांडल्याला दुसरी फेरीबोट धरून सावित्री नदीच्या मुखावर वेसवीला उतरायचं आणि मंडणगडमार्गे खेड. वेसवीपासून वेळास जवळच आहे. मार्चकडे झुकणारा बेत असेल तर तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला मिळतात. गावकरी सांगतील त्या दोरीच्या मागे उभं राहायचं.

खेडला कोकण रेल्वेचं स्थानक आहे, त्यामुळे गटातला कोणी फक्त चढाईसाठी येणार असेल तर त्याला इथे गाठता येतं. सुकामेवा, ओआरएस, चिकटपट्ट्या, जे काही राहिलं असेल ते खेडच्या बाजारात घ्या. पुढे गावात मिळेल असं समजू नका. संध्याकाळी चोरवण्यात पोचून वाटाड्याला भेटा, परवानगीचा कागद दाखवा आणि निघायची वेळ ठरवा. कोणत्या वाटेने जाणार, किती वाजेपर्यंत परतणार हे घरी कळवा, कारण वर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

चढाईचा दिवस

आत सोडायच्या वेळेला पहिले तुम्ही असा. शेतं आणि वाडी मागे पडली की झाडी सुरू होते, मग डोंगराच्या सोंडेवरून, म्हणजे खाली उतरत आलेल्या धारेवरून, चढ लागतो आणि तो जवळजवळ सोडतच नाही. इथे पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यांना बरं वाटतं आणि सगळे जोरात जातात. तुम्ही मुद्दाम हळू जा. ओळखायची खूण सोपी आहे: चढता चढता एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर वेग जास्त आहे. पावलं छोटी, टाच टेकलेली. तासाभराने पाच मिनिटं थांबायचं, त्याहून जास्त बसलं की पाय आखडतात. सगळ्यात हळू चालणाऱ्याला वाटाड्याच्या मागे दुसऱ्या नंबरला ठेवा. मागे ठेवलंत तर तो धापा टाकत पोचतो तोवर बाकीचे निघालेले असतात, आणि ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही.

माथ्याकडे घसारा लागतो, म्हणजे सुट्या मुरमाची वाट. तिथे पुढच्यापासून अंतर ठेवा. पायाखालून दगड सुटला तर "दगड!" म्हणून जोरात ओरडा. या एका कारणासाठी रानातलं मौन मोडायचं.

नवख्यांनी नागेश्वरपर्यंत चार तास धरावेत. कड्यातली गुहा, आत शिवलिंग, वरून ठिबकणारं पाणी. बाहेर आलं की पायाखाली कोकण. हवा स्वच्छ असेल तर डोंगरांच्या रांगांमागे रांगा पश्चिमेला विरत गेलेल्या दिसतात. इथे बसा, खा, आणि निर्णय घ्या.

वासोट्याला इथून घाटमाथ्यावरच्या दाट रानातून अडीच-तीन तास लागतात, आणि परतीचा उतार शिल्लकच असतो. माझा नियम असा: सकाळी दहाच्या आत सगळे नागेश्वरला पोचले, प्रत्येकाकडे दोन लिटर पाणी आहे आणि कोणाचाही गुडघा कुरकुरत नाही, तरच पुढे. यातली एक गोष्ट जरी कमी असली तरी इथून परत फिरा. गटातल्या एकानेही "मला नको" म्हटलं तर गट मोडू नका. नवख्याने नागेश्वर करून धडधाकट खाली येणं ही पूर्ण चढाई आहे, अर्धवट नव्हे.

गेलातच तर वासोट्यावर बाबूकड्यापाशी काठापासून लांब राहा. कड्याचा तो अर्धगोल आणि समोरचा जुना वासोटा पाहायला काठावर जावं लागत नाही. पूर्वेला कोयनेचा शिवसागर पसरलेला दिसतो. साताऱ्याकडची माणसं बामणोलीहून लाँचने याच जलाशयातून वासोट्याला येतात. चोरवण्यातून चढून पलीकडे बामणोलीला उतरायचा बेत काहीजण करतात, पण त्याला लाँच आधी ठरवावी लागते आणि परवानगीही तशी लागते. पहिल्या खेपेला आलात त्याच वाटेने उतरा.

या रानात गवा आहे, अस्वल आहे. फणसाडला शिकलेलं मौन इथे थोडं बदलायचं. दाट झाडीतल्या वळणावर आणि ओढ्याच्या आवाजाजवळ अधूनमधून टाळी वाजवा किंवा बोला. अस्वलाला ऐकू आणि दिसायला तितकंसं तीक्ष्ण नसतं. ते मुळांत, वारुळात तोंड घालून बसलेलं असताना अचानक समोर आलात तर ते बिथरतं. उकरलेली वारुळं ताजी दिसली तर वाटाड्याला दाखवा. गवा वाटेवर उभा असेल तर वाट त्याची. मागे सरका, त्याला जाऊ द्या, फोटोसाठी जवळ जाऊ नका. कोणत्याही जनावराकडे पाठ फिरवून पळायचं नाही.

जे खरोखर दगा देतं

बिबट्याची भीती सगळ्यांना असते. प्रत्यक्षात माणसं जायबंदी होतात ती आग्या मोहोळाने, विंचू-सापाने आणि उन्हाने.

आग्या मोहोळं कड्यांना लटकलेली असतात. सेंटचा वास, धूर, आरडाओरडा, दगड, माश्या उठायला यांपैकी काहीही पुरतं. उठल्याच तर तोंड-डोकं पंच्याने झाका आणि मिळेल त्या दाट झाडीत शिरा, कड्याच्या बाजूला धावू नका. अनेक डंख झालेल्या माणसाला श्वास लागत असेल, ओठ-डोळे सुजत असतील तर क्षणाचाही उशीर न करता खाली दवाखान्यात न्यायचं.

कोकणात फुरसं हा विषारी साप भरपूर. लहान असतं, कातळाच्या रंगात मिसळतं, दगडाखाली बसतं. म्हणून न बघता दगडावर हात टेकू नका, न बघता बसू नका. चावलंच तर चिरा देऊ नका, तोंडाने चोखू नका, घट्ट आवळपट्टी बांधू नका. अंगठी-घड्याळ काढा, अवयव फांदीच्या आधाराने हलणार नाही असा बांधा, माणसाला शक्यतो चालवू नका, उचलून खाली आणा. १०८ ला फोन करून प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या. साप मारून बरोबर आणायची गरज नाही.

लाल विंचू इथला जुना वैरी. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपाय रूढ केला आणि त्याने कोकणात असंख्य जीव वाचले. म्हणजे यावर इलाज आहे, पण तो वेळेत मिळायला हवा. मंत्र-उतारा करत बसू नका. आणि सकाळी बूट घालण्याआधी उलटे करून झटका, रोज.

ऊन लागल्याची पहिली लक्षणं डोकं दुखणं, मळमळ, चिडचिड. सावलीत बसवा, पंचा ओला करून मानेवर ठेवा, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट द्या. घाम थांबला, माणूस असंबद्ध बोलायला लागला तर चढाई तिथेच संपली.

गोचिडींकडे दुर्लक्ष नको. दक्षिणेला दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळलेत आणि तो गोचिडीमार्फत पसरतो. त्या बाजूला जाणार असाल तर तिथल्या आरोग्य केंद्रात आधी विचारा, आणि मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता कळवा.

खाली आल्यावर

वाटाड्याला आणि नाक्यावरच्या वनरक्षकाला सगळे परतल्याचं सांगा. तुमची नोंद उघडी राहिली तर रात्री कोणालातरी विजेरी घेऊन शोधायला निघावं लागतं. ठरलेले पैसे लगेच, ठरल्यापेक्षा कमी नाही. गावात जेवण सांगितलं असेल तर आधी गरम पाण्याने पाय धुवा, बोटांच्या बेचक्या, गुडघ्यांच्या मागे, काखेत आणि कमरेला गोचीड आहे का ते पाहा. असेल तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा, तेल-चुना लावू नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना रानात जाऊन आल्याचं आवर्जून सांगा. आणि त्याच रात्री गाडी चालवत मुंबई-पुणे गाठायचा हट्ट नको. थकल्या डोळ्यांनी घाटरस्ता उतरण्यापेक्षा खेडला झोपा, सकाळी निघा.